कय्यूम सरांच्या दोन ओळी

मानवतच्या बाजार समितीत काट्याशेजारी एक खोली,
खोलीत सर्व्हर. त्याच्यावर हळदीकुंकू, दसऱ्याचं असावं,
आणि पंख्याच्या जाळीत अडकलेला कापूस.

रात्री पाथरी फिडर गेला.
पहाटे लाइट आली तसं यंत्र उठलं,
आधी स्वतःशीच बोललं:
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
आपला आवाज आपल्याला ऐकू येतो
एवढी खात्री केली आणि गप्प बसलं.
तार लावलेली, दिवा हिरवा,
पण तुझा पत्ता काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

बाहेर काट्यावर एकसष्ट गाड्या.
वजन होतंय, पावती निघत नाही.
सचिव म्हणाले, नवीन आलात ना, बघा.
माझा चौथा दिवस.

फाईल उघडली.
उठल्यावर कुठली तार तुझी, कुठला आकडा तुझा,
बाहेर पडायचं कुठल्या दारातून,
हे सगळं जिथं लिहून ठेवायचं असतं
तिथं लूपबॅकच्या दोन ओळी.
खाली काही नाही. एक रिकामी ओळ,
तीही चुकून पडलेली.

मुंजाजी, रात्रीचा वॉचमन, दारात उभा.
"कय्यूम सर रोज सातला यायलते.
टकटक दोन वळी लिहायचे, की झालं चालू.
मंग दिसभर बसून ऱ्हायचे.
लोक म्हनायचे, फुकटचा पगार खायलाय."

हिस्टरी मागवली.
यंत्राला स्वतःचा पत्ता आठवत नाही, पण
दुसऱ्यानं हातानं लिहिलेलं ते जपून ठेवतं.
वर वर जात राहिलो.
आयएफकॉन्फिग, आकडा. रूट ॲड, दार.
आयएफकॉन्फिग, आकडा. रूट ॲड, दार.
हजार ओळी मावतात, त्यातल्या बहुतेक याच.
मध्ये कुठं विचारलेलं, डिस्क किती भरली.
रमजान ईदच्या तारखेलाही, सात बावीस.

शेवटच्या पंधरवड्यात अक्षरं चुकलेली.
आयएफकॉफनिग.
आयएफकॉनफग.
आयएएफ.
चार-चार वेळा, मग बरोबर.
शेवटच्या सकाळी अकरा वेळा.
त्याच्यापुढं माझ्याच ओळी.

"हात थरथरायचा," मुंजाजी म्हणाला,
"कपबशी वाजायची नुस्ती.
आता जालन्याला लेकीकडं हायेत."

त्यांना फाईल माहीत नसेल?
असं कसं. लूपबॅकच्या वर, हॅश लावून,
त्यांनीच लिहिलंय: हात लावू नये. कय्यूम.

तेव्हा मला माझा करार आठवला.
अकरा महिन्यांचा.
त्यांचाही अकराच होता, सहा वेळा.

बाहेर कुणीतरी हॉर्न दाबून धरला.

लिहिलं. पहिला शब्द ऑटो.
मोंढ्यापाशी सीट भरायची वाट बघतो तो नव्हे,
न विचारता निघणारा.
मग नाव, आकडा, नेटमास्क, गेटवे.
एकदा नीट लिहिलं की
कुणाला सातला यायचं कारण नाही.
सेव्ह करायच्या आधी थोडा वेळ बसलो.
किती, ते सांगत नाही.

मग मेन स्विचच खाली ओढला.
दहा मोजले. वर केला.
पंखा, बीप, ते स्वतःशी बोलणं,
आणि भिंतीपलीकडं प्रिंटरनं कागद ओढला:
आश्रोबा होगे, कोल्हा, एकोणीस क्विंटल चाळीस.
हॉर्न थांबला. कुणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी तरी सातलाच आलो.
रात्रीतून दोनदा लाइट गेली होती म्हणे.
सगळं चालू होतं.
मुंजाजी चहा घेऊन आला.
"आता काय लिहायलाव?"

हॅश लावून एक ओळ लिहीत होतो.
हॅशच्या पुढचं यंत्र वाचत नाही,
दर वेळी उठतं आणि ती ओळ ओलांडून जातं:
कय्यूम सर, रोज सकाळी सात, हातानं.

चहात साखर लई होती.
काही बोललो नाही.
त्यांना तसाच लागत असणार.